सही करण्याआधी बांधावर या

प्रति,
मा. जिल्हाधिकारी तथा जिल्हादंडाधिकारी,
कोल्हापूर

महोदय,


पुण्या-मुंबईत बंदुकीचा परवाना पोलीस आयुक्त देतात. कोल्हापुरात आयुक्तालय नाही. त्यामुळे पन्हाळ्यापासून चंदगडपर्यंत कुणाच्या घरात बंदूक असावी आणि कुणाच्या नसावी हे आपल्या सहीवर ठरते. पूर, ऊसदर, भूसंपादन आणि रोजची शिष्टमंडळे यांच्या गर्दीत गृह शाखेची ही फाईल लहान वाटणे साहजिक आहे. माझे पत्र त्या लहान फाईलविषयी आहे.

बंदुका वाढवा, असे मी म्हणत नाही. सगळ्या गोळा करा, असेही नाही. अर्जदाराची चौकशी टेबलावरच्या कागदांवर भागते आणि परवाना हातात पडला की संपते, एवढीच माझी तक्रार आहे, आणि ती फक्त आपल्या जिल्ह्यापुरती नाही.

आधी कायद्याकडे पाहू, कारण कायदा आपल्या समजुतीपेक्षा बराच वेगळा आहे. बंदूक म्हणजे बड्या लोकांची चीज, असे गावात सगळेच धरून चालतात. १९५९ च्या शस्त्र अधिनियमात मात्र कलम १३ मध्ये शेतकरी बड्यांच्या पुढे उभा आहे. खरोखरच्या पीक संरक्षणासाठी ठासणीची बंदूक मागणाऱ्या नागरिकाला, तो अपात्र नसेल तर, परवाना द्यावा असे तिथे म्हटले आहे. ठासणीच्या बंदुकीने भागणार नाही असे दिसले तर दुसरी गुळगुळीत नळीची बंदूक देण्याचीही मुभा आहे. पिस्तूल मागणाऱ्याला मात्र सबळ कारण पटवून द्यावे लागते. पुढचे कलम १४ तर मला फार आवडते. अर्जदाराकडे पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारू नये, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. नाकारायचा असेल तर कारणे लेखी नोंदवायची, आणि अपवाद सोडला तर ती अर्जदाराने मागितल्यावर त्याला द्यायची. कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यासमोर कमरेला पिस्तूल लावून फिरणारा ठेकेदार नव्हता, नाचणीच्या राखणीला बसलेला माणूस होता. प्रत्यक्षात कोण दिसतो, हे आपण आणि मी दोघेही जाणतो.

आता त्या राखणीवाल्याचेच बोलू, कारण खरी गुंतागुंत तिथे आहे.

पन्हाळा म्हटले की लोकांना तीन दरवाजा, सज्जाकोठी आणि अंबरखाना आठवतो. गेल्या वर्षी, जुलै २०२५ मध्ये, युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात आपला गड आहे, त्याचा आनंद आहेच. पण तालुका गडावर संपत नाही. पश्चिमेला कासारी, जांभळी, धामणी या नद्यांची खोरी आहेत. बाजारभोगावच्या पुढे रान दाट होत जाते. तिथे ऊस, भात, नाचणी, मका हे सगळे गव्याच्या आणि रानडुकराच्या वाटेवर आहे. डुकरांचा कळप एका रात्रीत मक्याचे जे करतो ते पाहिल्यावर पंचनाम्याचा फॉर्म भरायलाही हात उचलत नाही. लोक माळ्यावर जागतात, पत्र्याचे डबे वाजवतात, सुतळी बॉम्ब उडवतात. ज्याला परवडते तो झटका यंत्र बसवतो. कुणीतरी मग म्हणतो, एक बंदूक असती तर!

तर काय झाले असते? गवा वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत आहे. त्याने उभे पीक आडवे केले म्हणून त्याला मारण्याची परवानगी कुणीच देऊ शकत नाही. तो माणसाच्या जिवाला धोकादायक झाला किंवा बरा न होण्याइतका जखमी अथवा आजारी असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक तसा लेखी हुकूम काढू शकतात. मोरही पहिल्याच अनुसूचीत. रानडुक्कर २०२२ च्या दुरुस्तीनंतर दुसऱ्या अनुसूचीत आहे. पिकाचे नुकसान होत असेल तर त्याच्यासाठी अधिकृत वनाधिकाऱ्याची लेखी परवानगी मिळू शकते, पण ती वेगळी मागावी लागते. म्हणजे आपण परवाना देता तो बंदुकीचा असतो, जनावर मारण्याचा नसतो. हे अर्जदाराला कुणी समजावून सांगते का? माझ्या पाहण्यातल्या कितीतरी लोकांची अशी समजूत आहे की ‘पीक संरक्षण’ हे शब्द कागदावर आले की शेतात शिरलेल्या जनावरावर बार टाकायला मोकळीक मिळाली. त्यातून एखादा सरळमार्गी माणूस वनगुन्ह्यात अडकतो. उलट, ज्याला रानातले मटण खायची चटक आहे त्याला हेच दोन शब्द फार सोयीचे पडतात.

राहता राहिला हवेतला बार. त्याने डुक्कर पळते, आणि दुसऱ्या रात्री शेजारच्या शेतात येते. गवा बिथरला तर कुठल्या दिशेने सुटेल याचा नेम नाही. डिसेंबर २०२० मध्ये कोथरूडमध्ये वाट चुकून आलेल्या एका गव्याच्या मागे माणसे धावली आणि तो शेवटी मेला, ते महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिले. पुढच्याच वर्षी आपल्या कोल्हापूर शहराच्या वेशीवर गवे आले तेव्हाही त्यांच्यापेक्षा मोठी अडचण बघ्यांच्या गर्दीची होती.

आणखी एक तरतूद आहे. तिची चर्चा मी गावात कधीच ऐकलेली नाही. अभयारण्यापासून दहा किलोमीटरच्या आत राहणाऱ्या परवानाधारकांनी वनखात्याकडे नाव नोंदवायचे असते, आणि त्या टापूत नवा शस्त्र परवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. वन्यजीव अधिनियमाचे हे कलम ३४. आपल्या जिल्ह्यात १९५८ पासूनचे राधानगरी अभयारण्य आहे, उत्तरेला चांदोलीचे रान आहे. म्हणजे आपल्या पश्चिम पट्ट्यातल्या बऱ्याच अर्जांत पोलिसांच्या अहवालाबरोबर वनखात्याचाही शब्द मोलाचा आहे. तरी चौकशी म्हटले की सगळ्यांच्या डोळ्यासमोर फक्त पोलीस ठाणे येते.

म्हणून पीक संरक्षणाचा परवाना देऊ नका, असे नाही. द्या, पण ज्याचे शेत खरोखर रानाला लागून आहे, ज्याच्या नावावर नुकसानीचे पंचनामे आहेत, जो स्वतः कसतो, त्याला द्या, आणि काय करता येते व काय येत नाही हे त्याच्या हातात मराठीत लिहून द्या. जो मागायलाच येत नाही, खोक्यात दारू भरून डुकरासाठी बॉम्ब लावतो किंवा कुंपणात थेट लाईटचा करंट सोडतो, त्याची तर कोणतीच चौकशी होत नाही. त्या बॉम्बने कुत्र्यांचे जबडे फुटतात, त्या तारेला माणसे चिकटतात. कायद्याने मागणारा माणूस टेबलाटेबलांवर दमला तर तो याच वाटेला लागतो. पोलीस अहवालासाठी २०१६ च्या नियमांनी तीस दिवस दिले आहेत. मुदतीत अहवाल आला नाही तर त्याची वाट न पाहता निर्णय घेण्याचा अधिकारही कायद्याने परवाना प्राधिकाऱ्याला दिलेला आहे. हा अधिकार मला काहीसा धोक्याचा वाटतो, पण मुदत मात्र रास्त आहे.

गड डोळ्यासमोर आहे म्हणून जरा आडवाट घेतो. हत्यार कुणाला द्यावे, हा प्रश्न या डोंगराला जुना आहे. १६६० मध्ये सिद्दी जौहरचा वेढा पडला तेव्हा राजापूरच्या वखारीतले इंग्रज दारूगोळा घेऊन त्याच्या छावणीत आले आणि आपले निशाण लावून त्यांनी गडावर मारा केला. त्यांच्या लेखी तो व्यापार होता. पुढच्या वर्षी शिवाजी महाराजांनी राजापूरच्या वखारीवर छापा घालून हेन्री रेव्हिंग्टनला साथीदारांसह कैदेत टाकले, तेव्हा कुणाला काय विकले याचा हिशेब द्यावा लागतो हे त्यांना कळले. पुढे १८४४ मध्ये गडकऱ्यांनी उठाव केला, पन्हाळा-पावनगड ताब्यात घेतले, आणि इंग्रजांनी तोफांनी तट फोडून गड घेतला. १८५७ मध्ये सरकारने लोकांची हत्यारे काढून घ्यायला सुरुवात केली तेव्हा मुधोळ संस्थानातल्या हलगलीच्या बेडरांनी ती द्यायला नकार दिला आणि त्यांचे गाव जाळले गेले. मग लिटनसाहेबाचा १८७८ चा कायदा आला. त्यात गोऱ्याला सूट होती आणि एतद्देशीयाला परवाना. काँग्रेसने अनेक वर्षे या भेदभावाविरुद्ध ठराव केले, आणि १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या अधीन राहून शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांमध्ये घातला.

तो हक्क संविधानात मात्र आला नाही. घटना समितीत डिसेंबर १९४८ मध्ये ह. वि. कामत यांनी तो घालावा अशी सूचना मांडली आणि बाबासाहेबांनी ती स्वीकारली नाही. त्यांचा मुद्दा साधा होता. हक्क म्हटला की तो चोर-दरोडेखोरालाही द्यावा लागतो. मला हा निर्णय योग्य वाटतो. अमेरिकेत याच्या बरोबर उलटे झाले आहे. न्यू यॉर्क राज्यात पिस्तूल अंगावर बाळगायला योग्य कारण दाखवावे लागे. जून २०२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती अटच घटनाबाह्य ठरवली. तिथे दुकानात बंदूक घेताना खरेदीदाराची गुन्हे-नोंद संगणकावर तपासतात आणि बहुतेक वेळा काही मिनिटांत उत्तर येते. अनेक राज्यांत खासगी माणसाकडून बंदूक विकत घेतली तर तेवढेही होत नाही. जपानमध्ये पोलीस अर्जदाराच्या घरच्यांना आणि शेजाऱ्यांना भेटतात, लेखी परीक्षा घेतात, बंदूक कुठे ठेवणार ती जागा पाहतात. आपला कायदा या दोन टोकांपैकी जपानच्या जवळचा आहे. अंमल मात्र संगणकवाल्यांसारखा होत चालला आहे: गुन्हा दाखल नाही, अहवाल निरंक, सही.

या ‘निरंक’ शब्दाची मला भीती वाटते. गेल्या दोन-तीन वर्षांत महाराष्ट्रात परवान्याच्या हत्यारांनी काय दाखवले ते पाहा. फेब्रुवारी २०२४ मध्ये उल्हासनगरच्या हिललाइन पोलीस ठाण्यात, वरिष्ठ निरीक्षकांच्या दालनात, एका आमदाराने गोळ्या झाडल्या. वाद जमिनीचा होता. त्यानंतर आठवडाभरातच मुंबईत माजी नगरसेवक अभिषेक घोसाळकर यांची फेसबुकवर थेट प्रक्षेपण चालू असताना हत्या झाली. मारेकऱ्याने वापरलेले पिस्तूल त्याच्या अंगरक्षकाचे होते आणि परवाना उत्तर प्रदेशातला. म्हणजे ज्याची चौकशी झाली तो एक, आणि चाप ओढणारा दुसराच. त्याच वर्षी जुलैत मुळशीत शेतकऱ्यांसमोर पिस्तूल नाचवणाऱ्या बाईंची चित्रफीत फिरली. तिथेही वाद जमिनीचाच, आणि परवाना रद्द झाला तो चित्रफीत फिरल्यावर. डिसेंबर २०२४ मध्ये मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली, तेव्हा एकट्या बीड जिल्ह्यात हजारावर शस्त्र परवाने आहेत हे लोकांना कळले. त्यानंतर काही आठवड्यांत शंभरावर परवाने रद्द झाले. रद्द करण्याची कारणे एका महिन्यात जन्माला आली नव्हती. आणि २०२५ मध्ये पुणे पोलिसांनी नाकारलेला एक परवाना गृह राज्यमंत्र्यांच्या पातळीवर अपिलात मंजूर झाला, त्यावरून केवढा गदारोळ उठला ते आपल्याला माहीत आहेच. अपिलाची तरतूद असायलाच हवी. पण ज्याने चौकशी केली त्याचा शब्द खोडायचा असेल तर खोडणाऱ्याने आपली कारणे लोकांसमोर ठेवावीत.

उल्हासनगर आणि मुळशी, दोन्हीकडे मुळाशी जमीन होती. इथे आपल्याकडचे गाव आठवा. आपल्या तालुक्यातली भांडणे चित्रपटातल्यासारखी टोळ्यांची नसतात. ती बांधाची असतात, पाणंदीची, विहिरीच्या पाळीची आणि भावकीची. त्यातली निम्मी पोलीस ठाण्यापर्यंत जात नाहीत, तंटामुक्त समितीत किंवा पारावर मिटतात, किंवा मिटल्यासारखी दिसतात. म्हणून ज्याच्या नावावर एकही गुन्हा नाही असा माणूस सख्ख्या भावाशी दहा वर्षे बोलत नसतो, आणि दारू प्यायल्यावर घरात काय करतो ते फक्त त्याच्या बायकोला माहीत असते. पन्हाळा, कोडोली किंवा कळे ठाण्याच्या नोंदवहीत यातले काही सापडणार नाही. पोलीस पाटलाला सापडेल. १९६७ च्या ग्राम पोलीस अधिनियमाने हे पद आपल्याकडे टिकवले आहे. त्याचा लेखी जबाब प्रत्येक शस्त्र अर्जासोबत असावा. तोही गावातलाच, त्यालाही भीड पडते, हे मी जाणतो. म्हणून त्याच्याबरोबर बांधाला लागून असलेल्या दोन शेतकऱ्यांना विचारा. आणि घरातल्या बाईला स्वतंत्र विचारा, नवऱ्यासमोर नव्हे, शक्यतो महिला कर्मचाऱ्याकडून. माझे वकील मित्र म्हणतात, असा जबाब नियमात कुठे आहे? नियमात मनाई तरी कुठे आहे, असे मी त्यांना विचारतो. मनोरुग्ण असेल किंवा कोणत्याही कारणाने अयोग्य असेल तर परवाना नाकारा, असे कलम १४ सांगते. तो अयोग्य आहे हे घरात विचारल्याशिवाय कळणार कसे?

दुसरी गोष्ट मुदतीची. डिसेंबर २०१९ च्या दुरुस्तीने एका माणसाकडच्या बंदुकांची मर्यादा तीनवरून दोनवर आणली, हे चांगले झाले. मात्र परवान्याची मुदत त्याच दुरुस्तीने तीनवरून पाच वर्षे केली. पाच वर्षांत माणसाचे काय काय होते! कर्ज होते, घटस्फोट होतो, व्यसन लागते, ऊस जळतो, मुलगा हाताबाहेर जातो. मधल्या काळात बंदूक पाहायला कुणी येते ते फक्त निवडणुकीत, आणि तेही जमा करून घ्यायला. तेव्हाही सरसकट जमा करू नका, छाननी समितीने माणूस पाहून ठरवावे, असे मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले आहे. निवडणूक आयोगाच्या सूचनाही तशाच आहेत. माणूस पाहून ठरवायची ती समिती फक्त आचारसंहितेपुरती का? दरवर्षी एकदा, खंडेनवमीच्या आसपास म्हणा, प्रत्येक बंदूक, काडतुसांची नोंद आणि ती ठेवायची जागा पाहून यायला बीट हवालदाराला किती वेळ लागेल? जुन्या वाड्यांतून त्या दिवशी हत्यारे अशीही पूजेला बाहेर निघतात. वारसाने आलेल्या, मालक वारल्यावर कुणाच्याच नावावर न झालेल्या बंदुकाही त्याच दिवशी सापडतील. मालक वारल्यावर बंदूक ठाण्यात किंवा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करायची असते, हे कित्येक घरांना ठाऊकच नसते.

अंगावर बाळगण्याबद्दल थोडेच लिहितो, कारण नियम पुरेसा स्पष्ट आहे. सार्वजनिक ठिकाणी हत्यार म्यानात किंवा झाकून न्यायचे. लग्न, मिरवणूक, जत्रा, सभा इथे ते नाचवायचे नाही, रिकामा बारही काढायचा नाही. आनंदाच्या भरात गोळीबार करून दुसऱ्याचा जीव धोक्यात घालणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली आहे. तरी शर्ट मुद्दाम थोडा वर करून कमरेचे पिस्तूल दिसू देणारे आपण सगळ्यांनी पाहिले आहेत. जोतिबाच्या चैत्र यात्रेला लाखो लोक येतात, शनिवार-रविवारी गडावर पर्यटकांच्या गाड्या मावत नाहीत. परवान्याचे हत्यार दाखवण्यासाठी नसते, अशी एक पाटी वाघ दरवाजापाशी लावायला माझी हरकत नाही, पण मला पाटीपेक्षा एखादा रद्द झालेला परवाना पाहायला जास्त आवडेल.

प्रशिक्षणाचेही तसेच. बंदूक सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षण घेतल्याचे प्रमाणपत्र अर्जाला जोडावे, असे २०१६ चे नियम सांगतात. कोल्हापूरला यासाठी बाहेर पाहायची गरज नाही. तेजस्विनी सावंत, राही सरनोबत याच मातीतल्या. राधानगरीच्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिसमध्ये २०२४ ला रायफलीत कांस्यपदक आणले. या खेळाडूंना विचारा, ते आधी शिस्तीबद्दल बोलतील: नळी कुठे रोखायची नाही, बोट चापावर कधी ठेवायचे नाही. जिल्ह्यातल्या नेमबाजी प्रशिक्षकांकडून पीक संरक्षण परवानाधारकांसाठी एक दिवसाचे मोफत शिबिर घेता येईल. शेतकऱ्याला प्रमाणपत्रासाठी पैसे मोजावे लागू नयेत.

शेवटी दोन विनंत्या. एक, जिल्ह्यात किती परवाने आहेत हे पोलीस ठाणेनिहाय आणि कारणनिहाय संकेतस्थळावर टाका. पीक संरक्षणाचे किती, आत्मसंरक्षणाचे किती, खेळाडूंचे किती. नावे नकोत, ती जाहीर करणे चुकीचेच ठरेल. किती नाकारले आणि किती रद्द केले, तेही हवे. बीडला हा आकडा एका हत्येनंतर बाहेर आला. आपल्याकडे तो कुणी मरण्याआधी लोकांसमोर असावा.

दोन, पावसाळा संपला की भात पिवळे पडायला लागते आणि डुकरांची धाड वाढते. त्याआधी एक दिवस बाजारभोगावला या. पश्चिम खोऱ्यातले पीक संरक्षणाचे सगळे प्रलंबित अर्ज सोबत आणा आणि सुनावणी ग्रामपंचायतीच्या सभागृहात घ्या. येताना वनक्षेत्रपाल आणि कळे ठाण्याचे निरीक्षक यांनाही घेऊन या, म्हणजे बंदूक, जनावर आणि भरपाई या तिन्ही गोष्टींचे उत्तर एकाच टेबलावर मिळेल. दुपारनंतर दोन-चार शेतांत जाऊ. बांधावर चिखल असतो, बूट जुने घाला.

आपला विश्वासू,
पन्हाळा तालुक्यातील एक शेतकरी